सावलीची थंड हवा

लग्नानंतरच्या बारा वर्षांत उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मसुरी पाहिली, सिमला पाहिले, नैनीताल तर दोनदा पाहिले. सौ.चे माहेर मात्र मी उन्हाळ्यात एकदाही पाहिले नव्हते. हे माहेर म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातले सावली. "मे महिन्यात तिकडे जायचे म्हणजे चुलीत हात घालून विस्तव तापला की नाही ते पाहायचे," असा विनोद मी दरवर्षी करीत असे व दरवर्षी ती हसत असे. यंदा ती हसली नाही. बोललीही काही नाही. ज्यांना संसाराचा अनुभव आहे त्यांस अधिक सांगणे नको. दुसऱ्या दिवशी नैनीतालची तिकिटे मी रद्द केली.

नागपूरहून उमरेड, नागभीड, सिंदेवाही, मूल असे करीत आम्ही सावलीस पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. रस्त्यावर कुत्रेसुद्धा नव्हते. पारा पंचेचाळिसाच्या पुढे. ज्या कोणी या गावाचे नाव सावली ठेवले तो मोठा विनोदी गृहस्थ असला पाहिजे, असे मी मनात म्हटले; मोठ्याने म्हणण्याची सोय नव्हती. गाव दिसायला साधे. पण १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथेच भरले होते आणि त्यासाठी गांधीजी येथे येऊन राहिले होते. सूतकताई आणि खादीमुळे गावाचे नाव तेव्हा दूरवर गेले होते. मामंजी ही हकीकत अशा थाटात सांगतात, की पाहुण्यांच्या चहाची व्यवस्था जणू त्यांच्याकडेच होती. वास्तविक त्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

"उद्या मेंढ्याच्या तलावावर जाऊ," ते रात्री म्हणाले. "पाच वाजता निघालो तं उन्हाच्या आत पोहोचतो. आमची थंड हवा तेच, जवाईबापू!"

सौ. लहान असताना हे सारे कुटुंब उन्हाळ्यात एक दिवस बैलगाडीने असोलामेंढ्यास जात असे. मला हे बारा वर्षांत प्रथमच कळले. मी विचारले नव्हते, हे खरे कारण.

पहाटे निघालो. पाथरीच्या बाजूने जाता जाता टेकड्या जवळ येऊ लागल्या. हिमालय पाहिलेल्या माणसाने त्यांना डोंगर म्हणावे की नाही हा प्रश्नच. पण त्या वेळी वाऱ्याला खरोखर गारवा होता आणि तलाव समोर आला तेव्हा मी गप्प झालो. नैनीतालचा तलाव जेमतेम दीड किलोमीटर लांब. येथे उन्हाळ्याने पाणी मागे हटले होते, तरी पलीकडचा काठ धूसर दिसत होता. ढिवरांचा एक डोंगा त्यात निवांत उभा होता. इंग्रजी अमदानीत बांधलेला हा तलाव खालच्या धानाच्या बांध्यांना पाणी देतो. गोसीखुर्दच्या योजनेनुसार त्या धरणाचा ९९ किलोमीटर लांबीचा उजवा कालवा येथवर येऊन तलावाला मिळतो. मामंजींनी ती काठीने जमिनीवर रेघा ओढून समजावली. बंडूने त्या रेघांत पाणी ओतून पाहिले.

नऊ वाजता मोहाच्या झाडाखाली दशम्या आणि कैरीचा तक्कू काढला. तेवढ्यात जंगलातून बायका बाहेर येऊ लागल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर तेंदूपानांचा भारा. मे महिना हा या भागात तेंदूपानांचा हंगाम. अंधार सरायच्या आत रानात शिरायचे, पाने खुडायची, उन्हे चढली की घरी येऊन ७० पानांचा एक एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फडावर मोजून द्यायचा. वर्षभराच्या कपड्यालत्त्याची, पुस्तकांची तजवीज पुष्कळ घरांत याच पंधरा-वीस दिवसांत होते. या रानांत वाघ आहेत. पाने तोडताना माणूस वाकलेला असतो, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असे येथले लोक म्हणतात. म्हणून त्या जमावाने जातात आणि एकमेकींना हाका मारीत राहतात.

त्या आमच्याजवळ टेकल्या. चिमीने बर्फाच्या पाण्याचा थर्मास पुढे केला. मग त्यांतल्या एका वयस्क बाईने मोजायला सुरुवात केली. पाने नव्हे, बायका.

"एक मांगं राह्यली."

सगळ्या उठल्या. रानाच्या कडेला उभ्या राहून त्यांनी हाका दिल्या. उत्तर आले नाही. पुन्हा हाका. मामंजी काठी टेकीत पुढे गेले. मी आमच्या गाडीचा भोंगा वाजवीत राहिलो. दुसरे काही मला सुचलेच नाही. दशमी हातात तशीच राहिली होती. सौ. त्या बायकांत जाऊन केव्हा उभी राहिली आणि त्यांच्याच स्वरात केव्हा हाका मारू लागली, ते कळले नाही. तिचा तो आवाज मी पूर्वी कधीच ऐकला नव्हता.

सुमारे अर्ध्या तासाने झुडपे हलली. आम्हा सर्वांचे श्वास अडले. बाहेर आली ती पंचविशीची एक पोरगी, डोक्यावर भारा, चेहरा लाल. "भाऱ्याचा बंद सुटला होता, साऱ्या सकारची पानं टाकून येऊ कशी?" एवढेच ती म्हणाली. वयस्क बाईने तिला असे फैलावर घेतले की विचारू नका. आणि बोलता बोलता तिचा भारा उतरवून घेतला. सौ.ने माझ्या हातातली दशमी काढून त्या पोरीला दिली.

परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलले नाही. दुपारी शेजारच्या ओसरीवर चिमी पाने मोजायला जाऊन बसली. पहिल्या पुड्यात ६८ निघाली, म्हणून तो तिला सोडून पुन्हा बांधावा लागला.

रात्री अंगणात बाजा टाकल्या. नैनीतालची गोष्ट कोणी काढली नाही, मीही काढली नाही. सौ. तिच्या आईपाशी झोपून काहीतरी हळू बोलत होती.

"जवाईबापू," अंधारातून मामंजी म्हणाले, "गरमी झाली का?"

"झाली," मी म्हटले.

ते खुदकन हसले, उठले आणि माझी बाज ओढून वाऱ्याच्या तोंडी लावली.