चार दिशांची मर्यादा

आमच्या सासूबाईंची एक नियमांची वही आहे. लाल पुठ्ठ्याची, कडा झिजलेली. चातुर्मास लागला की ती कपाटातून निघते आणि माताजींसमोर जे जे घेतलं ते तिच्यात लिहिलं जातं. हिरव्या भाज्या कधीपर्यंत बंद, कोणता रस सोडला, वर्षाला साड्या किती. पहिल्या पानावर मात्र एकच जुनी नोंद आहे, त्यांच्या दिग्व्रताची. पूर्वेला सम्मेदशिखरजी, पश्चिमेला गिरनारजी, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर. या चौकटीच्या बाहेर आजन्म जायचं नाही, बाहेरचा कुठला व्यवहार करायचा नाही.

बारावीनंतर लेकीने बीबीएचा फॉर्म भरला आणि आजीच्या पाया पडायला गेली, तेव्हा सासूबाईंनी तिला ते पान दाखवलं. ती वाचून हसली. म्हणाली, "आजी, तू चारही दिशा बंद केल्यास आणि मी त्या ओलांडायचंच शिक्षण घ्यायला निघालेय."

तिचा विषय होता आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन. खरं तर तिला इंदूरच्या आय.आय.एम.मध्ये जायचं होतं. तिथे 2011 पासून बारावीनंतर लगेच पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे. त्याची प्रवेश परीक्षा दिली, थोडक्यात हुकली. दोन दिवस जेवली नाही नीट. मग देवी अहिल्या विद्यापीठाखालच्या एका कॉलेजात बीबीए घेतलं. धारहून इंदूर 60-65 किलोमीटर, रोजचं जाणं-येणं जमणारं नव्हतं, म्हणून होस्टेल. रात्रीच्या जेवणाचं काय, कांदा-बटाट्याचं काय, हे प्रश्न मी सोडवले तसे तुम्हीही आपापल्या मुलींचे सोडवले असतील. त्यावर इथे लिहीत बसत नाही.

मंदिरात मात्र बायका विचारायच्या, "मुलीला परदेशी पाठवणार की काय?" मी माहेरची सोलापूरची. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं होतं. वालचंद हिराचंद आमच्या सोलापूरचे, आपल्याच समाजातले. 5 एप्रिल 1919 रोजी त्यांच्या कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. तोच दिवस आता देशभर सागरी दिन म्हणून पाळतात. शंभर वर्षांपूर्वी जैन माणसाची बोट लंडनला जाते, तर आमची मुलगी पुस्तकातून गेली तर काय बिघडलं? बायका गप्प व्हायच्या, आणि मला बरं वाटायचं.

सुट्टीत आली की ती पोळ्या लाटता लाटता मला शिकवायची. एफ.ओ.बी. म्हणजे माल जहाजावर चढला की विकणाऱ्याची जबाबदारी संपली. सी.आय.एफ. म्हणजे भाडं आणि विमाही विकणाऱ्यानेच भरायचा. असे एकूण अकरा नियम, पॅरिसच्या संस्थेने ठरवलेले, आणि सगळं जग ते मानतं. मला त्याचं नवल वाटायचं. आपल्या मंडीत एका आडत्याचं दुसऱ्याशी जमत नाही!

एकदा तिने होफस्टेड नावाच्या डच संशोधकाबद्दल सांगितलं. त्याने आय.बी.एम. कंपनीच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारून, कुठल्या देशात वरिष्ठांचा धाक किती, याचं माप काढलं. "आपल्या घरात आजीचं माप शंभरपैकी शंभर," ती म्हणाली. सासूबाईंना ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "मापच काढायचं तर आधी पीठ माप. सहा माणसांत दोन पोळ्या कमी पडतात रोज."

सगळ्यात लक्षात राहिलं ते लेटर ऑफ क्रेडिट. परदेशातला व्यापारी आणि आपण एकमेकांना ओळखत नाही, तेव्हा मध्ये बँक उभी राहते. कागद बिनचूक असले की बँक पैसे देते. ती म्हणाली, "आई, यातली गंमत बघ. बँक फक्त कागद बघते, माल बघतच नाही. तसा नियमच आहे." तेव्हा मी नुसतं हं केलं. पण हे वाक्य पुढे मला फार उपयोगी पडलं, आणि नंतर त्याच वाक्याने मला अडचणीतही आणलं.

तिसऱ्या वर्षी आठ आठवडे कुठल्या तरी कंपनीत काम शिकायचं होतं. माझी नणंद देवासला असते, तेव्हा आत्याकडे राहून तिकडच्या औद्योगिक वसाहतीत जायचं असं ठरलं. दोन ठिकाणाहून होकार आला. एक कंपनी सोयाबीनची पेंड परदेशी पाठवणारी, विद्यावेतन जेमतेम. दुसरी चामड्याच्या वस्तू निर्यात करणारी, विद्यावेतन तिप्पट, आणि युरोपच्या गिऱ्हाइकांशी रोजचा पत्रव्यवहार. देवासचा चामड्याचा व्यवसाय जुना आणि नावाजलेला आहे. शिकणाऱ्या मुलीला याहून चांगली जागा मिळाली नसती.

मी फोनवरच नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती बस पकडून धारला आली. "मी चामड्याला हातसुद्धा लावणार नाही, आई. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बँकेचे कागद, एवढंच माझं काम."

"म्हणजे तू बँकेसारखी," मी म्हणाले. "कागद बघणार, माल बघणार नाहीस. जैनाच्या मुलीने आधी माल बघावा. खरकर्मांच्या यादीत दंतवाणिज्य आहे, त्यात कातडीही येते."

ती बराच वेळ बोलली नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "त्याच यादीत विषवाणिज्यही आहे ना? पपा दुकानातून आले की आजी त्यांना आंघोळ केल्याशिवाय देवघराकडे फिरकू देत नाही. का गं?"

आमचं बी-बियाणं आणि कीटकनाशकांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. या घरात आल्यापासून माझी प्रत्येक साडी, तिच्या कॉलेजची फी, मंदिरात दिलेलं दान, सगळं त्या दुकानातून आलं. आणि ह्यांच्या आंघोळीचं पाणी मी रोज संध्याकाळी तापवत होते. मला काही बोलता आलं नाही. ती तशीच माळ्यावर झोपायला गेली.

त्या रात्री मी सागारधर्मामृत काढलं. ते लिहिणारे पंडित आशाधर तेराव्या शतकातले, मांडलगढहून आमच्या धारला आलेले. पुढे धार-मांडू रस्त्यावरच्या नालछ्यात राहिले. मुनी नव्हते, आपल्यासारखे गृहस्थच होते, आणि गृहस्थांसाठीच त्यांनी हा ग्रंथ लिहिला. आम्ही बायका दशलक्षणात त्याचा स्वाध्याय करतो. पंधरा खरकर्मांची यादी मला पाठ होती. कोळसे पाडणं, जंगल तोडणं, घाण्यात पिळणं, विष विकणं. पण यादीनंतर आशाधर काय म्हणतात ते मी कधी थांबून वाचलं नव्हतं. ते म्हणतात, अशी यादी करणं फारसं बरोबर नाही, कारण जगातली पापाची कामं मोजता येण्याजोगी नाहीतच. फार तर अगदी मंदबुद्धीच्या माणसांसाठी यादी ठीक.

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. मी यादी हातात घेऊन मुलीवर चालून गेले होते, आणि यादी करणाराच सांगत होता की यादीवर विसंबू नका.

यादीने कोण थांबलं आहे तरी? एकोणिसाव्या शतकात आमच्या माळव्याचा सर्वांत मोठा परदेशी व्यापार अफूचा होता. धार, देवास, उज्जैन, रतलाम, सगळीकडून अफू मुंबईला जायची आणि तिथून जहाजाने चीनला. 1913 साली चीनला जाणारा माल थांबला. त्या व्यापारात माळव्यातले सावकार होते आणि त्यात आपलेही लोक होते. पाणी गाळून पिणारे, रात्री न जेवणारे. विषवाणिज्य हा शब्द त्यांनाही ठाऊक असणार. पण अफूची पेटी समुद्रापार गेली की दिसेनाशी व्हायची. ओढणारा चिनी माणूस त्यांच्या चौकटीत कधी आलाच नाही.

सकाळी मी लेकीला म्हटलं, "तुला पटेल तिथे जा. मी यादी दाखवणार नाही." तिने दिवसभर विचार केला. संध्याकाळी म्हणाली, सोयाबीनच्या कंपनीत जाते. का, ते मी विचारलं नाही. मनातून सुटल्यासारखं वाटलं, हे मात्र कबूल करते.

आठ आठवड्यांत तिने भरपूर पाहिलं. 100 किलो सोयाबीनमधून साधारण 18 किलो तेल निघतं आणि 80 किलोच्या आसपास पेंड, जिला धंद्यात डी.ओ.सी. म्हणतात. आपलं सोयाबीन जनुकबदल केलेलं नसतं, म्हणून काही देशांत त्याला जास्त भाव मिळतो. पेंड भरलेल्या कंटेनरबरोबर कागदांचा गठ्ठा जातो. बिल ऑफ लेडिंग, मूळ देशाचा दाखला, पिकाच्या आरोग्याचा दाखला आणि धुरी दिल्याचा दाखला. या शेवटच्या दाखल्यापाशी ती अडली. धुरी म्हणजे विषारी वायू, आतले किडे मारायला. घाण्यात पिळणं तर यादीत होतंच.

एका रविवारी आत्याला घेऊनच धारला आली. जेवताना गप्प होती. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, हिला विचारा ती पेंड कुठे जाते."

लेक म्हणाली, "कोंबड्यांना. बहुतेक सगळी पशुखाद्यात जाते. आपल्या माळव्याचं सोयाबीन खाऊन तिकडे कोंबड्या वाढतात, आणि मग..." पुढचं ती बोलली नाही. मला वाटलं होतं मुलगी चामड्यापासून वाचली. ती वाचली नव्हती. दोन घरं पलीकडे तेच होतं.

"मग ही लाइनच सोडते का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आतापर्यंत मला वाटायचं, एफ.ओ.बी. म्हणजे जहाजावर माल चढला की आपण सुटलो. पैशापुरतं ते खरं आहे. पण मला आता प्रत्येक वेळी पुढचं विचारावंसं वाटतं, की तिकडे त्याचं काय होतं. न शिकता गेले असते तर हे कळलंच नसतं."

सासूबाई ताटावरून उठल्या, हात धुतले आणि वही घेऊन आल्या. मला वाटलं, आता तिला नियम देणार. पण त्या म्हणाल्या, "मी ही चौकट काढली ती परदेशाला भिऊन नाही. माताजींनी तेव्हा समजावलं होतं, जिथे आपला हात पोचत नाही तिथलं पाप आपल्याला लागत नाही, म्हणून हात आखूड ठेव. माझा हात आखूड होता, मला सोपं गेलं. तुझा लांब होणार. मग हिशोबही तिथवर ठेवावा लागेल." आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "हे पोरीलाच सांगत नाहीये मी."

हे काही बोलले नाहीत. पण पुढच्या हंगामात त्यांनी डब्यावर लाल त्रिकोण असलेली, सर्वांत जहाल औषधं मागवली नाहीत. पिवळी, निळी, हिरवी अजून आहेत. लाल मागणारा शेतकरी शेजारच्या दुकानात जातो आणि बरोबर बियाणंही तिथूनच घेतो. त्या वर्षी घरात पैशाची ओढाताण झाली. दिवाळीला नवीन काही घेतलं नाही. ह्यांना त्याचा राग येतो आणि तो ते माझ्यावर काढतात. शेतात किडे मरायचे ते मरतातच, हेही मला ठाऊक आहे. आंघोळीचं पाणी अजून रोज तापतं.

लेक आता विद्यापीठात फॉरेन ट्रेडमध्ये एम.बी.ए. करायचं म्हणते. परवा तिने मला एक वही दाखवली. तिने आजीसारखीच लाल पुठ्ठ्याची घेतली आहे. पहिल्या पानावर चार दिशा नाहीत. एक तक्ता आहे. माल काय, कुठून आला, कोणाच्या हातून गेला, शेवटी कोणाच्या पोटात किंवा अंगावर. पहिल्या ओळीत सोयाबीनची पेंड लिहिली होती आणि शेवटचा रकाना भरलेला होता.

दुसऱ्या ओळीत तिने आमच्या दुकानाचं नाव लिहिलं आहे. तो शेवटचा रकाना अजून रिकामा आहे. म्हणाली, "हा तू आणि पपा मिळून भरा."