दांत आणि तारखा

शर्यत म्हणजे जो सर्वांच्या पुढें गेला तो जिंकला, इतकें सोपें तें शास्त्र आहे असें ज्यांना वाटतें, त्यांनीं एकदां बैलांच्या मैदानावर जावें. तेथें पंचमंडळी बैलाचे पाय पाहत नाहींत; तोंड उघडून दांत पाहतात. सगळे दुधाचे दांत असले तर तो ‘आदत’. पुढचे दोन पक्के दांत आले कीं ‘दुसा’, चार आले कीं ‘चौसा’, मग सहादांती, आणि आठहि आले म्हणजे ‘जुळलेला’. आदताच्या मैदानांत आदतानेंच धांवावयाचें. वासराच्या जन्माचा दाखला बहुधा कोणापाशीं नसतो, आणि मालकाच्या सांगण्यावर पंचांनीं विश्वास ठेवावा अशी मालकांचीहि अपेक्षा नसते. तेव्हां साक्ष काढावयाची ती दांतांची. अध्यापनाच्या धंद्यांत तीस वर्षें घालविल्यामुळें असेल, पण वर्ग पाडण्याची ही रीत मला फार आवडते. आमच्याकडे विद्यार्थ्याचा वर्ग त्याच्या गुणपत्रिकेवरून ठरतो; आणि गुणपत्रिका कशावरून ठरते, हें न विचारलेलेंच बरें!

मोटारींच्या शर्यतींतहि असे वर्ग असतात, हें मला माझ्या भाच्यानें सांगितलें. तो अमेरिकेंत जॉर्जिया राज्यांत नोकरीस आहे. त्या राज्यांत रोड अटलांटा नांवाचें एक वळणावळणाचें मैदान असून तेथें १९९८ पासून शरद ऋतूंत एक लांब पल्ल्याची शर्यत होते. हल्लीं ती दहा तास चालते. भाच्याला या शर्यतींचें वेड आहे, आणि मामानें इंग्रजी काव्यांत जन्म घालविला असला तरी त्याला इंजिनाचें ज्ञान असावें, असा त्याचा आग्रह आहे. त्यानें सांगितलेली पहिलीच गोष्ट मला चमत्कारिक वाटली. तेथें निरनिराळ्या वर्गांच्या गाड्या एकाच वेळीं, एकाच रस्त्यावर धांवतात. केवळ शर्यतीसाठींच बांधलेल्या ‘प्रोटोटाइप’ गाड्या पुढें निघून जातात आणि विक्रीच्या मोटारींवरून घडविलेल्या ‘जीटी’ गाड्या मागें आपापसांत झुंजतात. एकंदर क्रमांकांत विसावी आलेली गाडी आपल्या वर्गांत पहिली असूं शकते, आणि तिचे चालक जगज्जेत्याच्या थाटांत मिरवतात. चालकांच्याहि श्रेणी आहेत, आणि वय वाढलें कीं श्रेणी खालीं येऊं शकते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हा नियम ऐकून काय वाटलें तें येथें सांगत नाहीं.

परंतु हे वर्ग कोणते दांत पाहून पाडतात, असें मीं विचारलें तेव्हां भाचा हंसला. तेथें वर्ग समिति पाडते आणि समितीच मोडते. या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत अशा शर्यतींच्या दोन मालिका शेजारीं शेजारीं चालत होत्या: ‘अमेरिकन ल माँ’ आणि ‘ग्रँड-ऍम’. दोघींचे नियम निराळे आणि वरच्या वर्गांतील गाड्याहि निराळ्या. २०१४ सालीं दोघी एक होऊन ‘इम्सा’ या १९६९ मध्यें स्थापन झालेल्या संस्थेच्या छत्राखालीं आल्या. विभक्त भाऊ पुन्हां एकत्र नांदूं लागले म्हणजे पहिलीं कांहीं वर्षें भांड्याला भांडें लागतें, तसेंच तेथेंहि झालें. दोन घरच्या गाड्या एका वर्गांत सारख्या वेगानें धांवाव्यात म्हणून कोणाचें वजन वाढवावें, कोणाच्या इंजिनाची हवेची वाट अरुंद करावी, असे उपाय करावे लागले. २०१७ सालीं ‘डीपीआय’ हा नवा वर्ग आला आणि २०२२ च्या अखेरीस गेला. एकाच साच्याच्या गाड्यांचा ‘पीसी’ वर्ग २०१७ नंतर मिटला. कारखानदारांचा ‘जीटीएलएम’ वर्ग तर गाड्याच उरेनात म्हणून २०२१ अखेर बंद करावा लागला. ‘एलएमपी३’ या मालिकेंत २०२१ सालीं आला आणि २०२३ संपतांच बाहेर पडला. २०२३ मध्यें इंजिनाला विजेची जोड दिलेल्या गाड्यांचा ‘जीटीपी’ वर्ग सुरू झाला. आणि हें नांव १९८१ ते १९९३ पर्यंत चाललेल्या एका जुन्या वर्गाचें! आपल्याकडे नातवाला आजोबांचें नांव ठेवतात, त्यांतलाच हा प्रकार.

ज्यानें घरदार गहाण टाकून मोडत्या वर्गांतली गाडी घेतली, त्याचें काय होतें? भाच्याचें उत्तर व्यवहारी होतें. गाडी दुसऱ्या देशांत, दुसऱ्या मालिकेंत विकतात. नाहीं तर ती झांकून ठेवतात. वीस वर्षांनीं जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात, तींत ती पुन्हां उतरते, आणि तेव्हां तिची किंमत वाढलेलीहि असते. लोखंडाला थांबतां येतें.

वर्गांइतकेंच महत्त्व तारखांना. जानेवारीच्या अखेरीस डेटोना येथें चोवीस तास, मार्चमध्यें सेब्रिंग येथें बारा तास, पुढें वॉटकिन्स ग्लेन, आणि ऑक्टोबरांत रोड अटलांटा, असा त्यांचा क्रम आहे. जून महिन्यांत फ्रान्सांतील ल माँची शर्यत असल्यामुळें तिला वाट करून द्यावी लागते, कारण पुष्कळ चालक तिकडेहि जातात. शिवाय प्रत्येक वर्गाला प्रत्येक शर्यत मिळते असें नाहीं. लाँग बीचच्या शहरी रस्त्यांवर जागा थोडी, म्हणून तेथें निवडक वर्गच उतरतात. कोठें नुसत्या जीटी गाड्याच धांवतात. त्यामुळें वर्षाचें वेळापत्रक हातीं पडलें कीं मालक प्रथम आपला वर्ग शोधतो.

आमचें वेळापत्रक चंद्राच्या हातीं. मालेगांवजवळच्या चंदनपुरीच्या खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेस सुरू होते. इतर गांवच्या जत्रा बव्हंशीं चैत्र-वैशाखांत, पिकें निघून शेतें मोकळीं झालीं म्हणजे. शर्यतींच्या रीती मुलखागणिक निराळ्या. खेड-जुन्नरकडे चार बैलांचा गाडा चढाच्या घाटावर सोडतात, पुढें घोडी धांवते आणि निकाल सेकंदांवर लागतो. सातारा-सांगलीकडे छकडे शेजारीं शेजारीं सुटतात. विदर्भांत त्याला शंकरपट म्हणतात. आमच्या नाशिककडे एका टांग्याला एक घोडा आणि एक बैल जुंपण्याचीहि चाल आहे. हा वर्ग अमेरिकन समितीला अद्याप सुचलेला नाहीं.

या साऱ्या मैदानांवर ७ मे २०१४ रोजीं पडदा पडला. सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूंतील जल्लिकट्टु आणि महाराष्ट्रांतील बैलगाडींच्या शर्यती दोन्ही बंद केल्या. न्यायालयापुढें आलेलें चित्र खोटें नव्हतें. पराणीची आर, चाबूक, विजेचे झटके, पिरगाळलेलें शेपूट, हें सारें मैदानांवर होत असे, आणि ज्यांनीं तें पाहिलें आहे त्यांनीं परंपरेची ढाल पुढें करूं नये. पुढें २०१७ सालीं विधिमंडळानें कायद्यांत दुरुस्ती केली. शर्यतीस जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, बैलाला मारहाण नको, आणि नियम मोडल्यास पांच लक्षांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. परंतु उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं शर्यतींना मनाई केली, आणि सशर्त मोकळीक मिळाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशानें. पांच न्यायमूर्तींच्या पीठानें दुरुस्ती वैध ठरविली १८ मे २०२३ रोजीं.

पहिल्या निकालापासून मोकळिकीपर्यंत साडेसात वर्षें गेलीं. न्यायाच्या हिशेबानें हा काळ फार नव्हे. पण बैलाचा पहिला पक्का दांत दोन-अडीच वर्षांच्या सुमारास येतो आणि पांचाच्या आसपास तो जुळतो. २०१४ च्या उन्हाळ्यांत जो दुसा होता, तो २०२१ च्या डिसेंबरांत दहाच्या घरांत पोंचला. त्याच्यासाठीं जुन्या गाड्यांची शर्यत कोणी भरवीत नाहीं.

असा एक खिल्लार गिरणेकांठच्या एका गांवीं माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्याकडे होता. त्यांना सारे आबा म्हणतात. त्या सात वर्षांत आडबाजूला चोरून मैदानें भरत नव्हतीं असें नाहीं. आबा गेले नाहींत. बैल औताला लावला, पण त्याची पहांटेची फिरवणी आणि कणकेचे गोळे त्यांनीं सुटूं दिले नाहींत, आणि घरांत या खर्चावरून बोलणें होई. एकदां निकालाचें काय झालें म्हणून मीं विचारलें, तर म्हणाले, “कोर्टांत तारीख पडते सर, बैलाचे दांत पडतात.” त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. बाजारभाव सांगावा तसें त्यांनीं तें सांगितलें.

मला या प्रकरणांत न्यायालयाचें चुकलें असें म्हणावयाचें नाहीं. मुक्या प्राण्याच्या वेदनेचा प्रश्न कोणा तरी तटस्थ माणसानें सोडविणें अवश्यच होतें, आणि आजच्या मैदानांवर चाबूक दिसला तर माणसें ओरडतात, हें त्या निकालामुळेंच घडलें. माझें म्हणणें एवढेंच, कीं ज्यांच्यासाठीं नियम करावयाचे त्यांच्या आयुष्याची लांबी नियम करणाराच्या टेबलावर असावी. अमेरिकन समिति वर्ग मोडण्यापूर्वीं बहुधा निदान एका हंगामाची सूचना देते. कारखानदारांचे पैसे गुंतलेले असतात ना! बैलाची सूचना कोणाला द्यावयाची?

मोकळीक मिळाल्यावर आबांनीं नवें वासरूं आणलें. मग २०२२ च्या पावसाळ्याअखेर लंपी रोगाची सांथ आली आणि मैदानें पुन्हां कांहीं काळ थांबलीं. तें वासरूं आदताच्या मैदानांत न उतरतांच दुसा झालें. सध्याचें वासरूं त्याच्या मागचें, पांढरें शुभ्र, कानांशीं किंचित् काळसर. यंदा शेजारच्या गांवच्या जत्रेंत त्याचें नांव आदताच्या गटांत घातलें होतें. परवानगी आली, मैदान आंखलें, आणि आदल्या रात्रीं अवकाळी पाऊस झाला. पंचांनीं शर्यत तीन आठवडे पुढें ढकलली. त्याचा पुढचा एक दूधदांत हलूं लागला आहे. आबा रोज सकाळीं त्याच्या तोंडांत बोट घालून पाहतात.