रात्रीचा मेसेज आणि खोलीचा पत्ता

सुरतेतल्या लिंबायत, उधना, डिंडोली या पट्ट्यात खानदेशातून आलेल्या मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. तिथले मानसिक आजाराचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांचा एक व्हॉट्सॲप आधारगट मी समुपदेशक म्हणून सांभाळते. गोळ्यांनी येणारी सुस्ती, उडालेली झोप, सासरी आजाराबद्दल काय सांगायचं, हे तिथलं रोजचं बोलणं. गटाचा खरा कस लागतो तो रात्री उशिरा कुणी लिहितं तेव्हा: ‘आता बास झालं. पोरांकडे लक्ष द्या.’

असा मेसेज पडला की हात जोडलेली चित्रं येतात. ‘असं बोलू नका भाऊ’, ‘देवावर भरोसा ठेवा’, असं एकामागून एक सुरू होतं. जीव सगळ्यांचा तुटतो, पण फोन कुणीच लावत नाही. दुसऱ्या कुणीतरी लावला असेल, असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून आमच्याकडे आठवड्याची पाळी असते. पाळीवरचा माणूस गटात एकच ओळ टाकतो, ‘मी यांच्याशी बोलतोय, बाकीच्यांनी थांबा’, सगळ्यांचं लिहिणं तात्पुरतं बंद करतो आणि थेट फोन लावतो.

फोनवर आडवळणं घ्यायची नाहीत. ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ हेच विचारायचं. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे; जागतिक आरोग्य संघटनाही तो खोडून काढते. सरळ विचारलं की समोरचा बहुधा सुटल्यासारखा बोलू लागतो. मग आत्ता कुठे आहात, सोबत कोण आहे, धोक्याचं काही हाताशी आहे का. उपदेश नको, शपथा नकोत, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन तर मुळीच नको. धोका समोर दिसत असेल तर जवळचं माणूस पोहोचेपर्यंत फोन सोडायचा नाही. दुसऱ्याने रुग्णवाहिकेसाठी 108 लावायचा. बोलण्यासाठी टेली-मानसचा 14416 आहे. ऑक्टोबर 2022 पासून चालू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे आणि चोवीस तास मिळते.

पण 108 वाला पहिला प्रश्न विचारतो, यायचं कुठे? सुरतेत घोडं इथेच अडतं. माणसाचा नंबर महाराष्ट्रातला, आधार कार्डावरचा पत्ता अमळनेरचा किंवा शहाद्याचा, आणि राहणं चार जणांत भाड्याने घेतलेल्या खोलीत. त्यातले निम्मे रात्रपाळीला. त्यामुळे गटात घेतानाच आम्ही तीन गोष्टी लिहून घेतो: सध्याची खोली आणि जवळची खूण, दहा मिनिटांत पोहोचू शकेल असं एक माणूस, आणि गावाकडचा एक नंबर. ‘जीव धोक्यात दिसला तर यांना कळवू’ याला संमतीही तेव्हाच घेतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 उपचार करणाऱ्यांना गोपनीयता पाळायला लावतो, पण जीव धोक्यात असेल तर आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभाही देतो. हे आधी बोलून ठेवलं की रात्री घरच्यांना फोन गेला तरी विश्वासघात वाटत नाही.

दवाखान्यात न्यायला घरचे कचरतात ते पोलिसांच्या धाकाने. त्याच कायद्याचं कलम 115 सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं कलम 309 उरलेलंच नाही. दवाखाना पोलिसांना कळवतो, जबाब होतो. पण त्या भीतीपायी उपचार लांबवू नयेत, हे आम्ही घरच्यांना आधीच समजावतो.

जुलै 2024 मध्येच सुरतेच्या हिरे उद्योगातल्या मंदीत कारागिरांच्या आत्महत्या वाढल्यावर डायमंड वर्कर्स युनियन गुजरातने हेल्पलाइन सुरू केली. फोन करणारे बहुतेक जण काम मागत होते. कुणाला पोरांच्या फीची विवंचना, कुणाला घरभाड्याची, कुणाला कर्जाच्या हप्त्याची. आमच्या गटातले लोक जास्त करून कापड गिरण्यांत आणि लूमवर आहेत, पण दुखणं तेच. रात्र निभावली की सकाळी घरमालकाशी कोण बोलणार, शाळेत कोण जाणार, हे ठरवावं लागतं. नाहीतर तोच मेसेज पुन्हा येतो.

मेसेज वाचून जागे राहिलेल्यांशीही दुसऱ्या दिवशी बोलतो; काय, कसं याचा तपशील मात्र गटात येऊ देत नाही. ‘याला काढा, बाकीच्यांना त्रास होतो’ अशी मागणी हटकून होते. ती मी मानत नाही. जिथे त्याने तोंड उघडलं, ती एकच जागा त्याच्याकडून काढून घेण्यात कसली सुरक्षितता?

दिवाळीत कारखाने बंद होतात, गाड्या भरभरून लोक खानदेशात जातात. भाड्याला पैसे नसलेला किंवा घरी तोंड दाखवायला कचरणारा खोलीवर एकटा उरतो. ‘दहा मिनिटांतलं माणूस’ही गावी गेलेलं असतं. म्हणून आमची यादी धनत्रयोदशीच्या आत नव्याने तपासली जाते: कोण थांबतंय, कुणाजवळ, कुठल्या खोलीत. तुमचाही असा एखादा गट असेल, तर शुभेच्छांच्या फॉरवर्डआधी एवढं विचारून घ्या.