घड्याळातलं सोनं

सोन्याचं जुनं घड्याळ घेताना माणूस बुडत नाही, असं मी कित्येक वर्षं मानत होते आणि विचारेल त्याला सांगतही होते. घड्याळ बंद पडलं, गिऱ्हाईक मिळेना, तरी केसमधलं सोनं कुठे जात नाही. अडीअडचणीला मोडता येतं. हा हिशेब आईचा. दागिना घडणावळीसकट घ्यावा, पण मनात वजन धरावं. ॲम्स्टेलवेनला राहायला आल्यावर इथल्या जुन्या बाजारांत १९४०-६० मधली स्विस मनगटी घड्याळं दिसू लागली आणि मी त्यांनाही तोच हिशेब लावला. आधी भिंग घेऊन केसवरचा छाप शोधायचा. हेल्वेशियाचं मुख असेल तर १८ कॅरट, खार असेल तर १४. मुख असलेलं घ्यायचं, खार असलेलं परत ठेवायचं. नेदरलँड्समध्ये १४ कॅरट, म्हणजे हजारात ५८५ भाग, हेच घरोघरचं सोनं. पण २२ कॅरट बघत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना ते उणंच वाटे.

ते मत आता राहिलेलं नाही. घड्याळाला सोन्याचा आधार आहे असं मी म्हणत होते. आज ते सोनंच घड्याळाच्या जिवावर उठलं आहे, असं मला वाटतं.

पन्नासच्या दशकातल्या साध्या पुरुषी घड्याळाची १८ कॅरटची केस १२ ग्रॅमची धरा. तिच्यात शुद्ध सोनं ९ ग्रॅम. ऑगस्ट २०२० मध्ये सोन्याने औंसाला २००० डॉलर पहिल्यांदा ओलांडले, तेव्हा त्या ९ ग्रॅमचे पावणेसहाशे डॉलर होत. मार्च २०२५ मध्ये भाव ३००० च्या पुढे गेला, ऑक्टोबरमध्ये ४००० च्या. त्या भावाने तेच सोनं साडेअकराशेचं झालं. फारसं नाव नसलेल्या कंपनीचं चालू घड्याळ पट्ट्यासकट विकायला काढलं, तर इतके पैसे सहसा येत नाहीत. मग वारसांनी ते संग्राहकाकडे कशाला न्यावं? इथल्या प्रत्येक शहरात सोनं विकत घेणारी दुकानं आहेत, आणि ती चोख पैसे देतात. मागचं झाकण उघडायचं, चावी ओढून काढायची, मशीन बाहेर घ्यायचं, काच काढायची आणि केस तराजूत टाकायची. काही मिनिटांचं काम. केस मुशीत जाते. मशीन, तबकडी आणि काटे एखाद्या पत्र्याच्या डब्यात पडतात.

त्या डब्यातल्या मशीनकडे मी पूर्वी पाहतही नसे. आता पाहते ते त्यातल्या केसाएवढ्या बारीक कमानीकडे. बॅलन्सला जोडलेली ही गुंडाळी कमान ख्रिस्तियान हायगेन्स या डच माणसाने १६७५ मध्ये पॅरिसला असताना मांडली, आणि अंगावर वागवायचं घड्याळ भरवशाचं झालं. त्याच्याच कल्पनेवरून हेगच्या सालोमन कोस्टरने १६५७ मध्ये केलेलं लंबकाचं घड्याळ लायडनच्या बोरहावे संग्रहालयात आहे. ते पाहताना त्याच्या धातूचं वजन कोणी विचारत नाही. मनगटी घड्याळाला मात्र मी स्वतः तोच प्रश्न विचारत आले होते.

खरं तर जाणत्यांच्या जगात हा प्रश्न कधीच मागे पडला होता. पाटेक फिलिपचं १५१८ हे मॉडेल १९४१ मध्ये आलं. त्यातली बहुतेक घड्याळं सोन्याची, स्टीलची माहीत आहेत ती फक्त चार. त्यांतलं एक २०१६ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं. पिवळ्या सोन्याच्या १५१८ ना त्याच्या आसपासही किंमत येत नाही. आणि आमच्या इथे, ओल्डेनझालला, ग्रोनेफेल्ड बंधू आपल्या घड्याळांच्या मशीनमधले पूल स्टीलचे करतात, जुन्या डच घरांच्या घंटेसारख्या दर्शनी भिंतींवरून त्यांचा आकार घेतात आणि त्यांच्या कडा हाताने घासून चकचकीत करतात. तिथे सगळं मोल घडणावळीचं आहे.

मुलाम्याच्या घड्याळांचं तर मला आता फार वाटतं. '२० मायक्रॉन' असा शिक्का असलेलं घड्याळ मी हातातही धरत नसे. पण त्यात कित्येकदा तेच मशीन असतं, तीच तबकडी असते आणि ते आटवून कोणाला काही मिळणार नसतं. पन्नास वर्षांनी त्या मॉडेलचं जे घड्याळ उरलेलं असेल, ते बहुधा हेच.

मागच्या झाकणावरच्या कोरीव अक्षरांबद्दलही माझा कल बदलला. इथे २५ किंवा ४० वर्षांच्या नोकरीबद्दल कंपनीने सोन्याचं घड्याळ देण्याची जुनी चाल होती. झाकणावर नाव, कंपनी, दोन तारखा. संग्राहक अशा घड्याळाला कमी भाव देतात. मीही पाडून मागत असे. आता मी तीच शोधते, कारण भट्टीत आधी तीच जातात आणि त्या माणसाच्या चाळीस वर्षांचा तेवढाच लेखी पुरावा त्यांच्यासोबत जातो.

सगळ्यात वाईट अवस्था बायकांच्या घड्याळांची आहे. सोन्याचा भरघोस पट्टा आणि त्यात नखाएवढं मशीन. वजन भरपूर, मागणी जवळजवळ नाही. मी बाई असूनही पुरुषी घड्याळंच जमवत होते. ही मला दागिन्यांत मोडणारी वाटत. पण इतकं लहान मशीन बनवणं ही घड्याळकारांची सर्वांत अवघड परीक्षा होती. जेगर-लकूल्त्रचं १९२९ चं '१०१' जेमतेम एक ग्रॅमचं आहे. १९५३ च्या राज्याभिषेकात राणी एलिझाबेथच्या मनगटावर तेच होतं. नाव नसलेल्या कंपन्यांनीही त्या मापाचं नेटकं काम केलं, आणि ते आज किलोने वितळतं आहे.

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती मला नाकारता येत नाही. माझ्या एका घड्याळाच्या बॅलन्सचा दांडा मोडला, तेव्हा नवा कुठेच मिळेना. दुरुस्त करणाऱ्या बाईंनी तो अशाच एका डब्यातल्या मशीनमधून काढून बसवला. कुणाची तरी केस वितळली म्हणून माझं घड्याळ चालतंय. म्हणून मोडणाऱ्यांना मी दोष देत नाही. दुसऱ्याचं सोनं त्याच्या गरजेचं आहे, त्यावर माझा हक्क नाही. माझ्या हातात असलेल्यांपुरतंच मी ठरवू शकते.

घरात यावर बोलणं झालं. नवऱ्याचं म्हणणं असं की सोनं अडचणीसाठीच असतं, आणि परदेशात राहणाऱ्या घराने ते विसरू नये. त्याचं बरोबर आहे. तेव्हा अडचणीसाठी वेढणी घेऊन बँकेत ठेवली, आणि घड्याळं त्या हिशेबातून काढली. मुलीला दोन्ही वेगळं करून दाखवलं आहे. वेढणी लागतील तेव्हा मोडायची. घड्याळं विकायची वेळ आली तर आधी दुरुस्त करणाऱ्या बाईंना फोन करायचा; त्यांचा नंबर प्रत्येक डबीत लिहून ठेवला आहे.