नाताळची सुटी : लोणावळें कीं माथेरान ?

थंड देशांतील लोक हिवाळ्याच्या सुटींत पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारांवरून घसरावयास जातात, आणि या डोंगरावर जावें कीं त्या, याचा खल त्यांच्या घरीं पुष्कळ दिवस चालतो. आपल्या सह्याद्रीवर बर्फ पडत नाहीं. परंतु खल करण्यास बर्फ लागतोच असें नाहीं, हें गेल्या डिसेंबरांत आमच्या पुण्याच्या घरीं सिद्ध झालें.

प्रश्न असा कीं, नाताळानंतरचे चार दिवस लोणावळ्यास घालवावे कीं माथेरानास ? महाबळेश्वराचेंही नांव निघालें होतें. पण सुटींतलें तेथील भाडें ऐकून तें आपोआप मागें पडलें.

आमची कन्या माथेरानची कैवारी. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं १८५० सालीं हें स्थान शोधिलें, तेथें मोटारींस मज्जाव आहे, तांबड्या मातीच्या वाटा आहेत, घोडे आहेत, हें सर्व तिनें एखाद्या वकिलाप्रमाणें मांडलें. "बाबा, जेथें भोंगा ऐकूं येत नाहीं असें दुसरें गांव दाखवा," असें तिचें शेवटचें म्हणणें. चिरंजीवांस लोहगड पाहावयाचा होता. २०२५ सालीं तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादींत गेल्यापासून त्यांना दुसरें कांहीं सुचत नव्हतें. आमच्या कुटुंबानें एवढेंच विचारलें, "दस्तुरी नाक्यापासून सामान कोण वाहणार ?"

शिक्षकाची खोड जात नाहीं. आम्हीं कागदावर दोन रकाने आंखले. उंची : माथेरान सुमारें २,६०० फूट, लोणावळें त्याहून पांचसहाशें फूट कमी. पुण्याहून थेट गाडी : लोणावळें. शांतता : माथेरान. कार्लें, भाजें, लोहगड : लोणावळें. आणि शेवटीं, "वडिलांची सोय" असें लिहून लोणावळ्याच्या रकान्यांत तांबड्या शाईनें दोन रेघा ओढल्या. वादाचा निकाल तेथेंच लागला.

आमचे वडील आतां शहात्तर वर्षांचे आहेत. गुडघे चालत नाहींत, दमही लागतो. त्यांची नोकरी रेल्वेंत, भोर घाटांत झाली. कर्जतहून लोणावळ्यास चढणाऱ्या गाडीस मागून रेटा देण्याकरितां जें जादा इंजिन लावतात त्यास बँकर म्हणतात. त्यावर ते चालक होते. घाटाचा चढ सदतीसांत एक, म्हणजे सदतीस फूट पुढें जावें तेव्हां गाडी एक फूट वर चढते. आंकडा लहान दिसतो. परंतु शेंकडों टन वजनाच्या गाडीस तो डोंगराएवढा असतो. लोणावळ्यांत त्यांचें आयुष्य गेलें, तेव्हां तेथेंच त्यांना बरें वाटेल, असें आम्हीं धरून चाललों. खल चालू होता तेव्हां ते शेजारच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत होते.

लोणावळ्यास मोटारींची एवढी दाटी होती कीं, स्टेशनावरून उतरण्याच्या जागीं पोंचावयास आम्हांस प्रवासाहून अधिक वेळ लागला. चिक्कीच्या दुकानांपुढें पाऊल टाकावयास जागा नव्हती. कन्या कांहीं बोलली नाहीं; ती भोंगे मोजीत होती.

दुसऱ्या दिवशीं कार्ल्यास गेलों. तेथील चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब आहे, आणि छताच्या लांकडी कमानी दोन हजार वर्षें टिकून आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीनें हें शैलगृह पुरें करविलें आणि तें जंबुद्वीपांत उत्तम आहे, असें तेथें कोरून ठेविलें आहे. मुलांना त्याचा अभिमान मोठा गमतीचा वाटला. वडिलांना पायऱ्या चढवेनात, म्हणून ते खालीं चहाच्या दुकानांतील बांकावर बसले होते. उतरून आलों तों त्यांची दृष्टि दूर मळवलीकडे, रुळांच्या बाजूस लागलेली.

आम्हीं विचारलें, "दादा, बरें वाटतें ना इकडे ?"

"वाईट काय आहे ?" ते म्हणाले. "पण अरे, इकडचें मी काय पाहूं ? सगळी नोकरी हेंच पाहिलें. नेरळची छोटी गाडी वीसांत एक चढ चढते म्हणतात. सदतीसांत एक चढावर आमचें इंजिन घामाघूम होत असे. ती कशी चढते, तें पाहायचें राहूनच गेलें. नाताळांत रजा कधीं मिळाली नाहीं."

"मग तुम्ही बोललां कां नाहीं ?"

"तूं कागदावर लिहीत होतास."

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही सर्व जण कर्जतमार्गें नेरळास निघालों. घाट उतरतांना वडील मुलांना बोगदे दाखवीत होते. मंकी हिलला गाडी थांबली तेव्हां ब्रेक कसे तपासतात तें त्यांनीं हातवारे करून सांगितलें. धांवत सुटलेली गाडी अडविण्याकरितां चढावर काढलेले रूळ दिसतांच डब्यांतील परके प्रवासीही ऐकूं लागले. इतकें बोलतांना आम्हीं त्यांना कित्येक वर्षांत पाहिलें नव्हतें.

नेरळास मात्र छोट्या गाडीचीं तिकिटें संपलेलीं होतीं. १९०७ सालची ती दोन फूट रुंदीची वाट, त्यावरचे इवलेसे डबे, सर्व डोळ्यांसमोर. आणि जागा नाहीं. आम्ही टॅक्सीनें दस्तुरीस गेलों आणि अमन लॉजपासून माथेरानपर्यंतच्या फेरीस बसलों. वडिलांना खिडकी मिळाली. थोडा वेळ बाहेर पाहून ते म्हणाले, "हा चढ वीसांत एक नव्हे. तो खालीं राहिला."

परततांना कर्जतला गाडी थांबली. मुलें झोंपलीं होतीं, वडिलांचेही डोळे मिटलेले. मागून एक हलका धक्का बसला. "लागला बँकर," ते डोळे न उघडतां म्हणाले.

यंदाच्या सुटीकरितां आम्हीं अद्याप रकाने आंखलेले नाहींत. नेरळहून सुटणाऱ्या सकाळच्या पहिल्या गाडीची वेळ वडिलांनीं स्वतःच्या अक्षरानें दिनदर्शिकेवर लिहून ठेविली आहे.