गैरहजर आरोपी

सुशिक्षित घरांतील पुस्तकांच्या कपाटालाही एक वर्णव्यवस्था असते. दर्शनी फळीवर ऐतिहासिक कादंबऱ्यांचा मान; त्यांची भारदस्त नावे पाहुण्यांच्या नजरेस पडावीत, अशीच त्यांची मांडणी केलेली असते. प्रेमकथांना मधली फळी मिळते, पण ती थोड्याशा संकोचाने. रहस्यकथांना मात्र कपाटात प्रवेशच नसतो. उशीखाली, प्रवासाच्या पिशवीत किंवा माळ्यावरील ट्रंकेत त्यांनी दिवस कंठावयाचे असतात. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजाराने आणि काळापहाडाने मराठी वाचकांच्या पिढ्याच्या पिढ्यांची झोप उडविली. परंतु एखाद्या प्रतिष्ठित दिवाणखान्यात त्यांच्या पुस्तकांची रांग मी अद्याप पाहिलेली नाही. इतिहासाने मनुष्य शहाणा होतो आणि रहस्यकथेने त्याचा वेळ जातो, असा आपला समज आहे. हा समज निदान अर्धा तरी उलटा आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्याला कारण झाली ती एकापाठोपाठ एक वाचनात आलेली तीन पुस्तके.

पहिले पुस्तक प्रेमकथेचे. डॅफ्ने द्यु मॉरिए या इंग्रज लेखिकेची ‘रिबेका’ ही कादंबरी १९३८ साली प्रसिद्ध झाली. एका श्रीमंत बाईची सोबतीण म्हणून नोकरी करणारी एक गरीब, बुजरी मुलगी मॅक्सिम नावाच्या विधुर जमीनदाराशी लग्न करते आणि त्याच्या मँडरली या प्रासादतुल्य घरी येते. तेथे पाहावे तिकडे पहिल्या पत्नीची, रिबेकाची, छाया पसरलेली! तिची मांडणी, तिचे पाहुणे, तिचे तिरपे, टोकदार हस्ताक्षर. या दुसऱ्या पत्नीला लेखिकेने अखेरपर्यंत नावच दिलेले नाही, आणि मृत स्त्रीचे नाव मात्र पुस्तकाला दिले आहे. सवतीमत्सराचे इतके सूक्ष्म आणि इतके दयनीय चित्र मी क्वचितच वाचले असेल. पुढे मॅक्सिम कबूल करतो की, रिबेका बुडून मेली नाही. त्यानेच तिला गोळी घातली आणि तिचे प्रेत नावेसकट समुद्रात बुडविले. हे ऐकून नायिकेला काय वाटते? याचे रिबेकावर कधी प्रेमच नव्हते, या एका विचाराने तिला हायसे वाटते! आणि वाचकहो, खरे सांगावयाचे तर आपल्यालाही तसेच वाटते. मॅक्सिम फासावर जाऊ नये म्हणून आपण पुढची पाने श्वास रोखून उलटतो.

पुस्तक मिटल्यावर मात्र एक प्रश्न माझा पिच्छा सोडीना. रिबेका दुष्ट आणि स्वैर होती, हे आपल्याला सांगितले कोणी? इतर पात्रांच्या बोलण्यातून थोडीफार पुष्टी मिळते हे खरे; पण मुख्य साक्ष तिच्या नवऱ्याची, म्हणजे तिच्या खुन्याची! आणि तिची स्वतःची बाजू मांडावयास ती जिवंत नाही. या कथेवरून आल्फ्रेड हिचकॉकने १९४० साली चित्रपट काढला, तेव्हा रिबेकाचा मृत्यू अपघाती दाखवावा लागला; कारण खून करून नायक मोकळा सुटतो, हे अमेरिकन चित्रपटांच्या त्या वेळच्या नीतिनियमांत बसत नव्हते. नियमांना जे पचले नाही ते आपण वाचकांनी बिनतक्रार पचविले. प्रेमकथेची मोहिनी असते ती ही. ती एकाच्या बाजूने आपले मन इतके वळवून ठेवते की, दुसऱ्याची बाजू ऐकावयाची राहून गेली, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

दुसरे पुस्तक म्हणजे जोसेफिन टे हिची ‘द डॉटर ऑफ टाइम’ ही १९५१ सालची रहस्यकथा. हिच्यातील गुप्तहेर संबंध पुस्तकभर बिछान्यात पडून असतो. पाय मोडल्यामुळे रुग्णालयात कंटाळलेल्या इन्स्पेक्टर ग्रँटच्या हाती इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचे चित्र येते. या राजाने गादीसाठी आपल्या दोन अल्पवयीन पुतण्यांना लंडनच्या किल्ल्यात मारविले, असे इंग्रजांची मुले शाळेपासून शिकत आलेली. ती मुले १४८३ साली दिसेनाशी झाली, ती कायमची. चेहऱ्यांची पारख असलेल्या ग्रँटला हा चेहरा खुन्याचा वाटत नाही, आणि एका तरुण संशोधकाच्या मदतीने तो जुने कागद तपासू लागतो. ज्या सर टॉमस मोरच्या वृत्तांतावर या कथेचा मोठा भार, तो मोर त्या वेळी पाच वर्षांचा होता! म्हणजे हा साक्षीदार ऐकीव गोष्टी सांगणारा. राजा मेल्यावर त्याच्या शत्रूच्या राजवटीत लिहिला गेलेला इतिहास तो राजाचा इतिहास मानावयाचा काय, हा ग्रँटचा प्रश्न. पाठलाग नाही, पिस्तूल नाही, आणि तरी पुस्तक खाली ठेववत नाही. इंग्लंडातील रहस्यकथाकारांच्या संस्थेने १९९० साली आजवरच्या शंभर उत्तम रहस्यकथांची यादी केली, तीत या पुस्तकाला पहिले स्थान मिळाले.

मला त्यातील एक गोष्ट मात्र खटकली. रिचर्डला निर्दोष ठरविण्याच्या भरात लेखिका त्याच्यामागून गादीवर आलेल्या सातव्या हेन्रीला खुनी ठरवून टाकते. हेन्रीही मेलेलाच. एका गैरहजर आरोपीला सोडवून दुसऱ्याला पिंजऱ्यात उभे करावयाचे, हा न्याय थोडा घाईचा झाला. पुढे २०१२ साली लेस्टर येथे मोटारी उभ्या करण्याच्या एका जागेखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा एका बाजूला वाकलेला निघाला. पण दंतकथेतील वाळलेला हात काही निघाला नाही. दंतकथा अर्धी खरी, अर्धी खोटी! पुतण्यांच्या बाबतीत मात्र त्या हाडांना काही सांगता आले नाही.

तिसरे पुस्तक आपल्या घरचे. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी ती या खेपेस तिसऱ्यांदा वाचली. माधवराव पेशवे सत्ताविसाव्या वर्षी थेऊर येथे क्षयाने जाणार आणि रमाबाई सती जाणार, हे पहिल्या पानापूर्वीच आपल्याला ठाऊक असते. तरीही शेवटची प्रकरणे वाचताना गळा दाटून येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांपासून कॉलेजातल्या मुलींपर्यंत सर्वांनी मिळून वाचावी अशी ही कादंबरी, आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. माझ्या मनात आले ते पुस्तक संपल्यानंतरचे.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी गेले. त्यानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून केला. पुढची गोष्ट मराठी मुलाला सांगावी लागत नाही. रघुनाथरावांनी नारायणरावास ‘धरावे’ असा हुकूम लिहून दिला, आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ करून तो ‘मारावे’ असा केला! खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने १९०९ साली हे सारे प्रकरण रंगभूमीवर आणले, आणि ज्यांनी नाटक पाहिले नाही त्यांनाही तो वाक्प्रचार मिळाला.

मी तो प्रसंग घरी सांगत असता, गुप्तहेरांच्या गोष्टींवर पोसलेला माझा बारा वर्षांचा पुतण्या मध्येच म्हणाला, “काका, तो कागद आता कुठे ठेवलाय?”

प्रश्न साधा होता. ज्या कागदावर ही खाडाखोड झाली तो कागद कोणी पुढे आणून दाखविलेला नाही. ग्रँट डफने १८२६ सालच्या आपल्या इतिहासात ही हकीकत दिली, तेव्हा खुनाला त्रेपन्न वर्षे लोटली होती; आणि आनंदीबाईंवरचा आरोप तेथेही लोकांच्या समजुतीवरच टेकलेला आहे. आता रहस्यकथेचा साधा नियम लावून पाहा. खुनाचा लाभ कोणाला झाला? नारायणरावांच्या मागून पेशवाईची वस्त्रे मिळाली ती रघुनाथरावांना. पण आपल्या वाक्प्रचारात ते पुतण्याला नुसते धरू पाहणारे चुलते ठरतात, आणि साऱ्या रक्ताचा डाग एका अक्षरातून बाईच्या बोटांना लागतो. मँडरलीच्या मॅक्सिमचीच ही सोय झाली!

आनंदीबाई निर्दोष होत्या, असे मला म्हणावयाचे नाही. नवरा पेशवा झाला असता लाभ त्यांचाही होताच, आणि त्या कारस्थानी नव्हत्या असे सांगण्याइतका पुरावा मजजवळ नाही. पण तो त्यांच्याविरुद्धही नाही, एवढेच माझे म्हणणे. एखाद्या रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणात गुप्तहेराने सर्वांना दिवाणखान्यात जमवून, ‘खुनी हीच, कारण सगळे तसे म्हणतात’ असे सांगितले, तर आपण ते पुस्तक भिंतीवर फेकून देऊ. ऐतिहासिक कादंबरीत मात्र तेच कारण आपल्याला पुरते. कारण तेथे भाषा भारदस्त असते, पात्रे पागोटी घातलेली असतात आणि आरोपी उठून उत्तर देणार नसतो.

कादंबरीकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य असावे, याविषयी वाद नाही. माधवराव रमाबाईंशी एकांतात काय बोलले, हे कोणत्या दप्तरात मिळणार? ते लेखकाने आपल्या मनातून लिहावे आणि आपण डोळे पुसावेत. पण मेलेल्या माणसाच्या माथी खून मारावयाचा असेल, तर त्याने इन्स्पेक्टर ग्रँटइतके तरी कागद चाळावेत. आणि कागद न मिळाल्यास शंका शंकेच्याच जागी राहू द्यावी. शंकेने कादंबरी फिकी पडते, असेही नाही. राघोबादादा आणि आनंदीबाई एका दिव्याच्या उजेडात बसली आहेत, समोर कागद आहे, आणि त्यावरचे अक्षर कोणाचे ते दोघांनाच ठाऊक आहे, असे प्रकरण कोणी लिहील तर मी ते रात्र जागून वाचीन.

माझ्या पुतण्याला अद्याप उत्तर मिळालेले नाही. तो अधूनमधून आठवण करून देतो, आणि घरात कोणी ‘ध’चा ‘मा’ म्हटले की माझ्याकडे पाहतो.