नैर्ऋत्येचा वारा

कवी केशवसुतांचा एकही फोटो उपलब्ध नाही. हे कळल्यापासून एक रिकामी चौकट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आणि खरं सांगू, मला ते आवडतंही. चेहरा नाही म्हटल्यावर माणूस शोधायला त्याच्या कवितेकडेच जावं लागतं.

केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, जन्म १८६६, मालगुंड. गणपतीपुळ्याच्या शेजारचं गाव, समुद्र हाकेच्या अंतरावर. वडील शिक्षक, आणि मुलाच्याही वाट्याला शाळाच आली. मुंबईत तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या केल्या, तिथे प्लेग आला तेव्हा खानदेशात भडगाव गाठलं, मग फैजपूर, शेवटी धारवाड. खाऱ्या हवेत वाढलेला माणूस खानदेशच्या उन्हाळ्यात फळ्यापुढे उभा आहे, या कल्पनेनंच माझ्या घशाला कोरड पडते.

घरापासून दूर असताना त्यांनी नैर्ऋत्येकडच्या वाऱ्याला उद्देशून एक कविता लिहिली. हा वारा कोकणात नुसता वाहत नाही, सगळं गाव त्याच्यासाठी कामाला लागतं. मे सरता सरता आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, धांदल सुरू होते. पडवीला झावळ्यांचे आडोसे बांधायचे, सुकी लाकडं आत रचायची, आमसुलं, फणसाची साटं, सुके बांगडे डब्यांत भरून ठेवायचे. होड्या वर ओढून शाकारायच्या. पोफळी कमरेत वाकायला लागल्या की म्हातारी माणसं आभाळाकडे न बघताच सांगतात, आला. मग समुद्र गढूळतो, लाटांचा आवाज रात्रभर माजघरापर्यंत येतो, बंदर बंद होतं. केशवसुतांच्या काळी मुंबईहून येणाऱ्या आगबोटीही थांबायच्या. नारळी पौर्णिमेपर्यंत घरी जायला उरायची ती घाटाची, चिखलाची वाट. म्हणजे ज्या वाऱ्यानं घरची वाट अडवायची, त्याच्याच अंगाला या कवितेत केशवसुतांना घराचा वास येतो! वाऱ्यावर रागवावं असं त्यांच्या मनातही येत नाही. कोकणातल्या माणसाचं पावसाळ्याशी असलेलं नातं याहून खरं मी कुठे वाचलेलं नाही.

आपण मात्र ‘तुतारी’ ही त्यांची कविता तेवढी त्यांच्या हाती दिली आणि तिथेच थांबलो. ती थोर आहे, समाजसुधारक आगरकरांच्या विचारांची धग तिच्यात आहे. पण रूढींवर तुटून पडणाऱ्या या मास्तरांना घरची ओढही तितकीच होती, आणि ती दिसल्याशिवाय तुतारीचा सूर मला अर्धाच वाटतो.

मुंबईत चुकवलेल्या प्लेगनं त्यांना १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीला गाठलं. जेमतेम एकोणचाळिशीचे होते. कवितांचं पुस्तक हयातीत निघालंच नाही, कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांनी ते त्यांच्या मागे काढलं.

तुम्ही मराठी शिकवत असाल, तर यंदा शाळा उघडल्यावर पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी वर्गाच्या खिडक्या लावू नका. तुतारी पुढच्या आठवड्यात घ्या. त्या दिवशी मुलांना ही वाऱ्याची कविता वाचून दाखवा.